तांदळाखालचं नाव

सिडकोत तृप्ती कुठे राहते विचारलंत तर लोक खांदे उडवतील. ‘उंबरावाली’ म्हणा, रिक्षावाला थेट दारात आणून सोडेल. ‘उंबरा’ हे तिच्या धंद्याचं नाव. नवरा मनोज अंबडच्या कंपनीत जातो, आणि घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही बाई लाकडावर लोकांची नावं कोरते. दाराच्या पाट्या, बारशाचे पाळणे, साहेबांच्या निरोप समारंभाला द्यायचे पेनस्टँड. ऑर्डर फोनवर येतात, वस्तू कुरिअरने जातात. दुकान नाही, गल्ला नाही, फक्त भुसा. तिच्या केसातही भुसा असतो आणि तिच्या चहातही. चहातला मी स्वतः गिळलाय.

पण तिचं नाव झालं ते ताटामुळे.

आपल्याकडे लग्न करून पोरगी सासरी आली की लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात, आणि नवरा अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहितो. मग साखर वाटायची. ज्या नावाने ती इतकी वर्षं ‘हजर’ म्हणाली, ते त्या तांदळात बुडालं. हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातल्या निम्म्या बायकांचं झालेलं आहे. तृप्तीने काय केलं, शिवणीच्या लाकडाचं ताट बनवलं आणि तळाला नवं नाव आधीच कोरलं, अंगठी बसेल एवढ्या खाचेचं. वर तांदूळ पसरले की काही दिसत नाही. नवऱ्याने अंगठी टेकवली की ती खाचेतून आपोआप सरकते. हात कितीही थरथरो, अक्षर मोत्यासारखं. व्हिडिओवाले खूश, सासू खूश. नंतर ताट भिंतीला टांगायचं.

मी ते पहिल्यांदा बघितलं डोंगरे मैदानावरच्या प्रदर्शनात, आणि माझं डोकं फिरलं. मी कंत्राटी बायकांच्या मोर्च्यात ओरडून ओरडून घसा घडवलेली बाई. स्टॉलसमोर उभी राहून म्हटलं, “वरून दिसतं नवरा लिहितोय, आणि खाली आधीच कोरून ठेवलंय! त्या पोरीला विचारलं होतं का गं?”

“मी कशाला विचारू, आक्का? ऑर्डर देणारे देतात.”

“तुला विचारलं होतं का? तुझं माहेरचं नाव काय?”

गर्दी जमली होती. ती हातातलं ताट पुसत राहिली. मग म्हणाली, “नवसा.”

“आणि तृप्ती कुणी केलं?”

“सासऱ्यांनी. नवसा म्हणजे गावठी वाटतं म्हणाले. मला तांदळात वाचल्यावर कळलं.”

मला वाटलं रडेल. रडली नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, “आजपासून नवरीला फोन करीन. ती हो म्हणाली तरच कोरायची पटाशी उचलीन.”

आणि तिने केलं की! पेजवर लिहिलं, शेडच्या पाटीवर कोरलं: ‘आधी नवरीला विचारतो.’ कुणी नवरी म्हणायची, आहे तेच नाव ठेवा. कुणी म्हणायची, बदला बाई, मला माझं आवडतच नाही. एकीने तर दोन्हीकडच्यांना न सुचलेलं भलतंच नाव सांगितलं. काही सासवांनी ऑर्डर मोडल्या. पण त्याहून जास्त पोरी मागून आल्या. आम्ही आठ मार्चला तिला शाल-नारळ दिला. मी प्रत्येक मीटिंगमध्ये तिचं उदाहरण द्यायचे. ‘कायदा नको, मोर्चा नको, एक बाई पटाशी थांबवते,’ हे माझं वाक्य. टाळ्या पडायच्या.

आता पुढचं.

मखमलाबादच्या एका घरातून ऑर्डर आली. मुलगा अमित, मुलगी इगतपुरीची, तिचे वडील रेल्वेत. ऑर्डर दिली अमितच्या बहिणीने, पिंकीने. ही पिंकी लग्नाच्या साड्या-दागिन्यांचे व्हिडिओ टाकते, आणि ते बघणारं गाव मोठं आहे. तिने लिहिलं, नाव ‘अमृता’ कोरा, अमितला शोभतं. तृप्तीने नवरीचा नंबर मागितला. पिंकीचा आवाज आला मेसेजमध्ये, गोड, हसरा: “अहो ताई, वहिनीला सरप्राइज आहे! तुम्ही फोन केलात तर सगळी मजा जाईल. मी विचारलंय तिला, आवडलंय नाव. आणि लक्ष्मीपूजनाला तुम्ही स्वतः या. मी लाइव्ह करणार आहे, तुमचं पेज सगळ्यांना दाखवते.”

तृप्तीने पटाशी उचलली.

लक्ष्मीपूजनाला ती नवी साडी नेसून मखमलाबादला गेली. नवरी माप ओलांडून आत आली, पाटावर बसली. ताट पुढे आलं. ताटाच्या कडेला ‘उंबरा’चा छोटा छाप असतो, तापवलेल्या सळईने उठवलेला. नवरीने तो बघितला आणि चटकन मान वर केली. गर्दीत शोधून तिने तृप्तीकडे बघितलं. हसली. ओळखीचं माणूस भेटल्यावर हसतो तशी.

अमितची अंगठी सरकली. अ. मृ. ता. सगळे ओरडले, “अमृता!” तृप्तीही ओरडली, कारण पिंकीचा मोबाइल तिच्याकडे वळला होता.

नवरीचं हसू तसंच होतं, फक्त त्याच्या मागे कुणी राहिलं नव्हतं.

सासूने, सुमनबाईंनी, साखरेची वाटी नवरीच्या हातात दिली. “जा, वाट सगळ्यांना. नाव सांगत सांगत वाट.” ती एकेकाच्या हातावर चिमूट ठेवत तृप्तीपाशी आली. तृप्तीचा तळवा पुढे झालेलाच होता. साखर ठेवता ठेवता नवरी हळूच म्हणाली, “ताई, मी तुमच्या फोनची वाट बघत होते.”

“अं?”

“ताट तुमच्याकडून येणार असं अमितनी सांगितलं तेव्हा निर्धास्त झाले. घरात बोलायची माझी हिंमत नव्हती. म्हटलं तुम्ही फोन कराल, तुम्हाला सांगीन. पप्पांनाही म्हटलं, काळजी करू नका, ते आधी विचारतात.” आणि मग, जणू माफी मागावी तसं, “माझं नाव ज्योत्स्ना. मला आवडतं. दुसरं काही कारण नाही.”

पिंकी पलीकडून ओरडली, “ताई, साखर खा ना, इकडे बघून!”

तृप्तीने साखर खाल्ली.

हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मी पिंकीचा व्हिडिओ बघितला, खाली ठळक अक्षरात ‘आधी नवरीला विचारतो’, आणि छाती फुगवून तो पन्नास जणींना पाठवला. दुसऱ्या दिवशी शाबासकी द्यायला शेडवर गेले. मशीन बंद. पाटी भिंतीकडे तोंड करून उभी. तृप्ती स्टुलावर बसली होती आणि तिच्या केसात भुसा नव्हता.

“काय गं, आजारी?”

तिने सगळं सांगितलं. वर मी लिहिलं तेवढंच, तसंच. मध्ये थांबली ती फक्त साखरेपाशी.

“लग्नसराईची घाई होती तुला,” मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. तिला एक दार उघडून द्यावंसं वाटलं असेल.

“घाई नव्हती, आक्का. मनोजना तसंच सांगितलं मी, घाई होती म्हणून. खोटं सांगितलं. पिंकीला बघणारे लय आहेत. नंबरासाठी दुसऱ्यांदा विचारलं तर ती दुसरीकडे जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.”

मग मात्र माझा पारा चढला. “माझं नाक कापलंस तू! चल ऊठ. आत्ताच्या आत्ता त्यांच्या दारात जाऊ. मी बघते त्या सुमनबाईला. चार बायका घेते बरोबर.”

“तुम्ही नाही यायचं.”

“काय?”

“तुम्ही आलात की भांडण तुमचं होतं. लाज माझी आहे. ती माझ्याकडेच राहू द्या.”

मला असं तोंडावर कुणी बोलत नाही. शेवटी तोड निघाली: मी जाईन, पण तोंड उघडणार नाही. दोन दिवसांनी तिच्या स्कूटीवर मागे बसून मी मखमलाबादला गेले, आणि सांगते, आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प बसले नव्हते.

सुमनबाईंनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. भिंतीवर ताट टांगलेलं. अमित घरीच होता, पिंकी मोबाइल चार्जिंगला लावून तिथेच बसली होती.

तृप्ती पाणी न पिता म्हणाली, “काकू, माझ्याकडून चूक झाली. मी नवरीला विचारल्याशिवाय नाव कोरलं. ते माझं काम नव्हे, ती माझी लबाडी आहे. ताट परत न्यायला आलेय.”

“लबाडी कसली?” सुमनबाई हसल्या. “ताट उत्तम आहे. आणि पिंकीने विचारलं होतं की.”

पिंकी चार्जरची वायर बोटाला गुंडाळत म्हणाली, “म्हणजे… मी दादाला विचारलं होतं.”

“मला वाटलं यांनी विचारलंय,” अमित तृप्तीकडे बोट करून म्हणाला. चिडून नाही, गोंधळून. “तुमचं तर लिहिलेलंच असतं ना तसं? मी म्हटलं, चला, तो प्रश्न मिटला. आपण वेगळं विचारायची गरज नाही.”

मी तृप्तीच्या शेजारी होते. ते वाक्य तिच्या अंगात कुठपर्यंत गेलं ते मला दिसलं. तिच्या पाटीवर विसंबून ती पोरगी गप्प राहिली, आणि त्याच पाटीवर विसंबून हा नवरा. पाटी नसती, तर निदान एकाने तरी तोंड उघडलं असतं.

सुमनबाईंनी आत हाक मारली. “अमृता! ए अमृता, बाहेर ये गं.”

ती आली. ओल्या हातांनी, दाराला धरून उभी राहिली.

“काय गं, तुला नाव नको होतं?”

तिने सासूकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. तृप्तीकडे बघितलं नाही. “आता विचारताय?”

“मग आता नाही तर कधी?”

“नको होतं,” ती म्हणाली. एवढंच. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं.

“सगळ्या गावात साखर वाटली गं!” सुमनबाई म्हणाल्या. “लोकांच्या तोंडी नाव बसलंय. ते काय परत गोळा करायचं?”

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते मी इथे लिहीत नाही. ती पोरगीच भिंतीपाशी गेली, टाचा उंचावून ताट काढलं, पदराने पुसलं आणि तृप्तीच्या हातात दिलं.

तृप्तीने पिशवीतून एक छोटी पाटी काढली. ‘ज्योत्स्ना.’ सागवानाची, सुंदर झाली होती. त्या दोन दिवसांतलं तिचं एकच काम. “ही तुझ्यासाठी.”

पोरीने ती हातात घेतली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि परत दिली. “आत्ता नको, ताई. आत्ता लावली तर ती तुम्ही लावलेली होईल.”

तृप्तीचं तोंड उतरलं. ती माफी मागायला आली होती आणि माफी लाकडातच कोरून आणली होती. तीही न विचारता.

बाहेर आल्यावर स्कूटीला किल्ली लागेना तिला. मी दिली लावून.

त्या घरात तिला आता काय हाक मारतात मला ठाऊक नाही. वाचायला बरं वाटेल असं काहीतरी मी इथे घुसडणार नाही. तृप्तीने ती पाटी शेडवर पुन्हा लावली नाही. पेजवरची ओळ पुसली, आणि तिच्या जागी स्वतःच्या तोंडाने व्हिडिओ केला, जे झालं ते सांगितलं, त्या घराचं नाव न घेता. लोकांनी झोडायचं तेवढं झोडलं. शाल-नारळ देणाऱ्या आमच्यातल्याही काहींनी झोडलं. ‘अमृता’चं ताट तिने फेकलं नाही. कामाच्या टेबलावरच ठेवलंय, त्यात खिळे ठेवते.

परवा गेले तेव्हा ती शेडच्या दारात उभी होती, एका कानात बोट घालून, दुसऱ्या कानाला फोन. कुणा नवरीशी बोलत होती. पलीकडचा आवाज मलाही येत होता, उत्साही, घाईतला: “चालेल ना ताई, काहीही ठेवा, ते लोक म्हणतील ते.”

“काहीही नाही,” तृप्ती म्हणाली. “तू सांग. शेजारी कुणी आहे का? मग गच्चीवर जा. मी थांबते.”

पलीकडे जिना चढल्याचा आवाज आला. तृप्ती फोन धरून उभी राहिली. टेबलावर शिवणीचं कोरं ताट होतं, आणि पटाशी तिने अजून हातात घेतलेली नव्हती.