शमूच्या वेणीचा नवस

फणीत गुंतवळ साचतं ना, तसे हे किस्से साचत गेले. दर गुरुवारी दुपारी आम्ही उमरग्याच्या ख्रिस्ती बायका देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रार्थनेला जमायचो. विषय श्रद्धेचा निघायचा आणि बोलणं हमखास कुणाच्या तरी केसांवर, नाहीतर लुगड्यावर जाऊन थांबायचं!

*

नवे पाळकसाहेब आले, त्या पहिल्याच रविवारी त्यांनी सांगितलं, "खरा शृंगार मनाचा. डोक्यात फुलं कशाला?" पुढच्या रविवारी सगळ्यांचे अंबाडे ओकेबोके. एकट्या सगुणामावशी भलीमोठी शेवंती माळून पहिल्या बाकावर! साहेबांनी नुसतं पाहिलं, तर मावशी म्हणाल्या, "ही देवानं शेळ्यांसाठी केली व्हय?"

त्याच्या पुढच्या रविवारी खुद्द पाळकीणबाईंच्या अंबाड्यात अबोली होती. साहेबांनी त्या दिवशी सहनशीलतेवर उपदेश केला!

*

दवाखान्यातल्या रूथ सिस्टरनी नायलॉनची साडी घेतली. तेव्हा नायलॉनची लई अपूर्वाई. गुरुवारी सगुणामावशींनी मोठ्यानं प्रार्थना मांडली, "हे प्रभू, पुढं बसलेल्या बहिणीची पाठ आरपार दिसायलीय. तिला जाडं कापड दे, आन् सद्बुद्धी दे."

रूथ सिस्टर मागं न बघताच म्हणाल्या, "आमेन! आणि प्रभू, मागं बसलेल्या बहिणीला डोळे मिटून प्रार्थना करायला शिकव!"

*

माझा स्वतःचा किस्सा नवसाचा. आमचे हे त्याच दवाखान्यात कंपाउंडर. माणूस सोन्यासारखा, पण देवळात पाऊल नाही. म्हणायचे, "आजारी माणसं वार बघून येत नसतात." म्हणून शमुवेल झाला तेव्हा मी नवस बोलले: बाप देवळात येऊन बसेल, त्याच दिवशी पोराच्या केसांना कात्री लागेल. शमू पाच वर्षांचा झाला, वेणी कमरेला टेकली. बाप घरीच!

पाळकसाहेब काळजीत पडले. "बाई, पुरुषानं केस वाढवणं शोभत नाही, असं बायबलात पौल सांगतो."

मी म्हटलं, "पण त्याच बायबलात हन्नानं तिच्या शमुवेलाच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असा नवस केलाच होता की!"

साहेबांनी बायबलाची पानं पुढं-मागं चाळली. मग म्हणाले, "दोन्ही शास्त्रातच आहे. सोलापूरच्या मोठ्या साहेबांना विचारतो."

मोठे साहेब विचारच करत राहिले!

*

एकदा आम्ही बेंबळीला निघालो होतो. एसटीत शेजारच्या आजींनी शमूची वेणी कुरवाळली आणि ह्यांना म्हणाल्या, "लेक लई गोड हाय हो तुमची. आमच्या नातवाला द्या की!"

शमू सीटवर उभा राहून ओरडला, "मला नवरा नको, मला बायको पाहिजे!"

अख्खी एसटी हसली. हे बेंबळी येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसले. मी मनातल्या मनात म्हटलं, प्रभू, तू काम सुरू केलंस वाटतं.

*

पुढच्याच रविवारी उपासना चालू असताना दार करकरलं. आमचे हे! आणि मागं करीमचाचा न्हावी, काखेत कात्री-वस्तऱ्याची धोपटी घेऊन! दोघं शेवटच्या बाकावर टेकले. ह्यांनी लगेच शेजाऱ्याला विचारलं, "अजून किती वेळ? चाचांना दुकान उघडायचंय."

पाळकसाहेबांना कधी नव्हे ते नवे कान मिळालेले. ते कसले थांबतात! योसेफाच्या भावांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकलं, इथवर यायलाच दीड तास गेला. चाचा "ये तो अपना यूसुफ!" असं पुटपुटत मान पुढं काढून ऐकत होते. ह्यांना मात्र धीर निघेना. त्यांनी शमूला उचललं, चाचांना खूण केली आणि बाहेर नेलं.

कडुनिंबाखाली वेणी उतरली. माझे डोळे भरून आले, पण केसांसाठी नव्हे. नवस फिटला, आता हे देवळात परत कशाला येतील?

पुढच्या रविवारी सकाळी हे अंगणात निवांत पेपर वाचत बसलेले. मी पदर नीट करून एकटीच निघाले, तर दारात करीमचाचा. धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा, आणि धोपटी नाही.

"चलो साब, उठो," ते ह्यांना म्हणाले. "यूसुफकू बावडीमेंच छोडके आए अपन!"