येडशीच्या क्वार्टरमधली मुलगी

लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हा आम्ही येडशीला होतो. हे स्टेशनात तिकिटं द्यायचे. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं लोटली होती. फलाटावरच्या उर्दू पाटीवर मराठी पाटी रंगवली होती, पण उन्हात खालची अक्षरं अजून दिसायची. दिवसाला मोजक्याच गाड्या. मधल्या वेळात रामलिंगच्या देवळाभोवतीच्या झाडीतली पाखरं तेवढी ऐकू यायची. क्वार्टर दोन खोल्यांचं, पुढच्या खोलीला गजांची एक खिडकी.

मूल नको, हे आमचं ठरलेलं होतं. ठरवलं मी आणि यांनी मान्य केलं, असं म्हटलेलं बरं. माझी आई पाचव्या बाळंतपणात गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. पाठची तिघं आणि ते नवं बाळ, अशी चार मुलं मी वाढवली. विसाव्या वर्षी सासरी निघाले तेव्हा धाकटी मला आई म्हणून हाका मारत बैलगाडीमागं पळत आली होती. लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच मी यांना सांगितलं, की मला हे पुन्हा करायचं नाही. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "बरं." पुढं ते आम्ही कसं निभावलं, हा आमचा दोघांचा प्रश्न होता.

चैत्रातली दुपार होती. रामलिंगला निघालेला एक म्हातारा दारात येऊन पाणी मागू लागला. मी तांब्या दिला. तो घटाघटा प्याला, तोंड पुसलं आणि माझ्या मागं बघत म्हणाला, "पोरीला बी द्या की घोटभर. कवाची बघतीया."

मी वळून पाहिलं. खोली रिकामी होती.

"आत कुणी नाही, बाबा," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि निघून गेला. मला वाटलं, ऊन लागलंय बिचाऱ्याला.

आठ-दहा दिवसांनी शेजारच्या, रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनची बायको आली. पाच लेकरांची आई, तोंडानं फटकळ पण मनानं चांगली. बोलता बोलता म्हणाली, "वैनी, राग येऊ देऊ नका. पर त्या पोरीच्या डोस्क्याला कधी तेल दिसत न्हाय. भावाची हाय का बहिणीची?"

"कुठली पोरगी?"

"खिडकीत बसती ती. लाल परकराची."

मी नाही म्हटलं तेव्हा ती हसली. मी लपवतेय अशी तिची खात्री झाली होती.

यांना सांगितलं. माझं एक लाल लुगडं आतल्या दोरीवर वाळायचं, ते यांनी काढून पेटीत टाकलं. "वाऱ्यानं हलत असेल, लांबून तसं वाटतं." नंतर खिडकीजवळ लाल असं काही राहिलं नाही. तरी त्याच आठवड्यात स्टेशनमास्तरांनी यांना बाजूला घेऊन विचारलं, "मुलगी शाळेच्या वयाची दिसते. घरात का डांबून ठेवता?"

मला ती कधीच दिसली नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन. पण माझ्या हातांच्या सवयी बदलत होत्या. चुलीवरून उतरवलेलं पातेलं मी भिंतीकडं सरकवायला लागले. विळी वापरून झाली की उंच फळीवर ठेवायचे. कुणाला लागेल म्हणून ठेवते, ते मी स्वतःला विचारलं नाही. लोकांच्या बोलण्याचा मात्र राग यायचा. पाणी देत नाही, तेल लावत नाही, शाळेत घालत नाही. घरात नसलेल्या लेकराची मी वाईट आई ठरले होते.

एका दुपारी त्या रागातच मी खिडकीत बसले आणि माझ्या स्वतःच्या केसांना तेल चोपडलं, बघणाऱ्यांना दिसेल असं. पॉइंट्समनची बायको दोनदा समोरून गेली. दिवस मावळायला ती कोथिंबीर द्यायला आली, म्हणाली, "आज बरं दिसतंय लेकरू."

त्यानंतर सासूबाईंचा निरोप आला म्हणून आम्ही तीन दिवस तुळजापूरला गेलो. सासर पुजाऱ्याचं. जावांची मुलं घरभर. सासूबाई जेवायला वाढताना सगळ्यांदेखत म्हणाल्या, "देवीच्या दारात येणाऱ्या परक्या बायकांच्या ओट्या आम्ही भरतो आणि आमच्याच सुनेची कूस रिकामी. लोक मला विचारतात. मी काय सांगू?" मी मान खाली घालून जेवले. येडशीचं काहीच सांगितलं नाही.

परत आलो तेव्हा क्वार्टरसमोर दहा-बारा माणसं उभी होती. कुलूप कोयंड्यासकट उपटलेलं होतं. पॉइंट्समनची बायको पुढं आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"तीन दिस लेकराला कोंडून गेलात," ती म्हणाली. "काल दुपारपासनं रडत व्हती. आज कुलूप तोडाय लावलं म्या."

"मग सापडली का?" यांनी विचारलं. आवाज शांत ठेवायची त्यांची धडपड मला कळत होती.

"न्हाय. कुठं दडवलीया ते तुमालाच ठाव."

माणसं एकेक करून पांगली. जाताना एका म्हातारीनं माझ्याकडं जे पाहिलं, ते मला सासूबाईंच्या सगळ्या बोलण्यापेक्षा लागलं. आत सगळं जागच्या जागी होतं. खिडकीखाली जमिनीवर एक कल्हईचा वाडगा होता, आमचा नव्हे. आदल्या दुपारी पॉइंट्समनच्या बायकोनं गजांतून पाणी भरून तो आत धरला होता. कुणीतरी घेतला, असं ती म्हणत होती. वाडगा सरळ ठेवलेला होता, आणि कोरडा.

"उन्हाळ्याचं पाणी उडून जातं," हे म्हणाले.

नवा कोयंडा बसवत असताना हे एकदम थांबले. "आपल्याला एक होऊ दे," म्हणाले. "म्हणजे लोकांना बघायला खरं काहीतरी होईल."

"आणि मग त्यांना दोन दिसल्या तर?"

यांनी हातोडी उचलून उरलेला खिळा ठोकला. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

त्यानंतरच्या थंडीत उस्मानाबादला एका शाळेत पुरुषांच्या नसबंदी ऑपरेशनचा कँप लागला. यांनी स्वतःहून जायचं ठरवलं. आम्ही एस.टी.नं गेलो. वर्गातले बाक भिंतीला लावले होते. टेबलाशी एक गुरुजी वही घेऊन बसले होते, शेजारी बाहेरगावचे डॉक्टर.

"मुलं किती?" गुरुजींनी विचारलं.

"एक," हे म्हणाले. "मुलगी."

हे आमचं ठरलेलं नव्हतं. मी यांच्याकडं पाहिलं, पण हे समोर वहीकडं बघत होते.

डॉक्टर म्हणाले, "एकच असेल तर आम्ही सहसा करत नाही. मुलगी धडधाकट आहे का? उद्या काही कमीजास्त झालं म्हणजे?"

तेवढ्यात दाराशी पाण्याचा माठ भरत असलेला शिपाई म्हणाला, "हाय, सायेब. म्या येडशीचाच. गाडीला जाता-येता बघतो की. बारीक हाय, पर चांगली हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "बाई, तुमची संमती आहे?"

"आहे," मी म्हटलं.

"मुलीचं नाव सांगा," गुरुजी म्हणाले. "वहीत लागतं."

यांना सुचलं नसतं. मी लगेच सांगितलं. नाव आधीपासून मनात होतं असं नाही, पण तोंडात आलं तेव्हा ते दुसरं काही असूच शकत नव्हतं. ते मी इथं लिहीत नाही. नंतर यांनीही कधी उच्चारलं नाही.

वर्षभरात यांची कुर्डुवाडीला बदली झाली. तिथं कुणाला काही दिसलं नाही. तिथं मी फक्त मूल नसलेली बाई होते. बारशाला बोलावणं नसायचं, डोहाळजेवणाला मला मागं बसवायचे. सासूबाईंनी दोष शेवटपर्यंत माझ्याच पदरात टाकला. यांनी एकदा खरं सांगायची तयारी दाखवली, मीच नको म्हटलं. तिथल्या शेजारणीनं पहिल्या दिवशी विचारलं, "मुलंबाळं?" मी "नाही" म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते सांगताना खोटं बोलल्यासारखं वाटलं.

आता मी हे उघड सांगते तेव्हा पस्तावा झाला का, असं लोक विचारतात. नाही झाला. आम्ही दोघं सुखात राहिलो, माझी भावंडं मार्गाला लागली, धाकटीच्या बाळंतपणाला मीच गेले. येडशीला मात्र पुन्हा उतरले नाही. गाडी तिथं थांबायची तेव्हा मी क्वार्टरकडची बाजू सोडून पलीकडच्या खिडकीशी बसायचे, आणि हे काही न विचारता मला जागा करून द्यायचे.