पिंजऱ्यातले डास

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. पुंडलिकनगरच्या घरात आता आम्ही दोघंच असतो, बोलायला अख्खा दिवस पडलेला असतो — तरी नाही. भिंतीवर डास बसला की मी तो मारत नाही, उठून दुसऱ्या खोलीत जातो. ती हसते. तिला वाटतं, नोकरीत डासांचा कंटाळा आला असेल. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी कीटक समाहारक होतो. म्हणजे सरकारी पगारावर डास पकडणारा. उजाडता उजाडता गोठ्यात शिरायचं, भिंतीवरच्या डासावर काचेची नळी धरायची, दुसऱ्या टोकानं तोंडानं हवा ओढायची — डास नळीत. लोकांना गंमत वाटायची. मला मात्र हे काम चांगलं येत होतं. हे आधीच सांगतो, म्हणजे अडाणीपणानं चूक झाली असं तुम्हाला वाटायला नको.

वैजापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर मलेरियाचे रोगी वाढले. घरांच्या भिंतींवर फवारायचं औषध येऊन पडलं होतं. फवारणीआधी एक चाचणी असते — तिथलेच डास पकडायचे, औषध लावलेल्या कागदाजवळ तासभर ठेवायचे, दुसऱ्या दिवशी मेले किती ते मोजायचं.

मी डास आणले. ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बहुतेक सगळे जिवंत.

तेव्हा साहेबांना सांगायला हवं होतं, नाही का? हे औषध इथल्या डासांना लागत नाही, एवढंच. पण मग पुन्हा गोठे, पुन्हा चाचणी, फवारणी थांबणार, आणि सगळे म्हणणार तुझंच काहीतरी चुकलं असेल. खरं सांगू? तसं कुणी म्हणालं नव्हतं. कुणी दमही दिला नव्हता.

आमच्या प्रयोगशाळेत जाळीच्या पिंजऱ्यात डास पाळलेले होते. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच वाढलेले, औषध कधी न पाहिलेले. ते मी औषधाचा कागद लावलेल्या नळीत सोडले. सकाळी सगळे तळाशी पडले होते. मी तेच लिहिलं, वर वस्तीचं नाव घातलं आणि सही केली.

फवारणी झाली. नंतर पाहणीला गेलो तर सोनामावशी पुढं आली. मेंढ्या राखणाऱ्या घरातली, साठीची बाई. मुलगा शेंद्र्याला कंपनीत कामाला, सून कविता हिच्यापाशी. म्हणाली, "सायेब, तुमच्या औषधानं डास नाय मरत. भिंतीवर बसतेत अन् उडून जातेत."

मी नळीत जे पाहिलं होतं, तेच ती बोलत होती. शब्दशः तेच.

मी तिच्या घरात शिरलो. चुलीमागची हातभर भिंत तिनं शेणानं सारवली होती. बाकी सगळी फवारलेली तशीच होती — पण मला तेवढी हातभर पुरली. बाहेर येऊन साऱ्या वस्तीसमोर आवाज चढवला. "औषधावर शेण फासता, आणि वर औषधाला नावं ठेवता?" बाया हसल्या. मावशी डोक्यावरचा पदर ओढत मागं सरकली.

पंधरा-वीस दिवसांनी कविताला ताप आला. डोक्यात गेला. दवाखान्यात नेईपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. ती परत आली नाही.

रोगी दगावला की चौकशी होते, म्हणून मला जावं लागलं. मावशी दारात बसलेली. मला वाटलं, ही आता शिव्या देणार. ती उठली आणि माझ्या पायाशी वाकली.

"सायेब, तुमी सांगितलं व्हतं. माझ्याच हातानं लेकरू गेलं. म्या भिंत सारवायला नको व्हती."

मी तोंड उघडलं होतं — खरंच उघडलं होतं. मग म्हणालो, "होतं असं, मावशी. आता पुढं काळजी घ्या."

आणि कागदावर कारण लिहिलं : फवारलेली भिंत सारवली.

पुढं दुसऱ्या कुणीतरी नव्यानं चाचणी केली, औषध बदललं. माझ्या जुन्या कागदाबद्दल कुणी विचारलं नाही. निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, भाषणं — प्रामाणिक माणूस म्हणाले.

निवृत्तीआधी शेवटचा त्या वस्तीवर गेलो तेव्हा फवारणी चालू होती. सोनामावशी फवारणाऱ्यांच्या मागोमाग दारोदार फिरत होती. प्रत्येक बाईला हात जोडून सांगत होती, "सारवू नका गं. म्या सारवलं अन् माझी सून गेली." एका दारात. मग पुढच्या दारात. मी गाडीच्या आड उभा राहून ऐकलं. तिची पाठ वळल्यावर गाडीत बसलो.

ती अजून आहे. इथून वैजापूरची गाडी कधीही मिळते. मी गेलेलो नाही.