वहिनींना सापडलेला दगड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज सांगताना छातीत धडधडायला हवं होतं – पण तसं काही होत नाही. समोरचा चहा गार झालाय, इतकंच.

मला दगडांचा नाद. कुपवाडला माझं प्लेटिंगचं छोटं वर्कशॉप. पण रविवारी मी, मिरजेचे अण्णा आणि त्यांच्या पत्नी – माझ्या वहिनी – असे तिघं अण्णांच्या गाडीतून साताऱ्याकडच्या एका खडीच्या खाणीत जायचो. अण्णा फौजेतून निवृत्त, खाणमालक त्यांच्या ओळखीतला. रविवारी सुरुंग बंद. काळ्या कातळाच्या पोकळ्यांमध्ये स्फटिक सापडतात; ते शोधायचे, आणून ओळखायचे. ओळखण्याचं काम माझं. पुस्तकं मी वाचलेली, म्हणून माझा शब्द शेवटचा. तो मान मला आवडायचा – खोटं कशाला बोलू?

एकदा ढिगाऱ्यातून वहिनींनी तळहाताएवढा दगड उचलला. त्याच्या पोकळीत पांढऱ्या सुया, केसाहून बारीक, पंख्यासारख्या पसरलेल्या. "आवं भावजी, ह्ये काय घावलं बगा तरी!" त्यांना इतकं हरखलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. घरी त्यांनी नळाखाली धरून माती काढली, आणि दुसऱ्या दिवशी अण्णांनी तो माझ्याकडे आणून दिला.

मी काय केलं? एका नजरेत गारगोटी ठरवून मोकळा झालो. सुयांच्या बुडाशी चुन्याचा पिवळट थर होता. तो ॲसिडनं निघतो, गारगोटीला काही होत नाही. मात्र आधी कोपऱ्यावर एक थेंब टाकून बघायचं असतं – हे आम्ही नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतो. मी थेंब टाकला नाही. वर्कशॉपमधल्या ॲसिडच्या टबात अख्खा दगड सोडला आणि जेवायला गेलो.

परत आलो तर सुया नव्हत्या. त्यांच्या जागी बुळबुळीत पांढरी खळ. ती गारगोटी नव्हतीच. स्कोलेसाइट नावाचं वेगळंच खनिज होतं, आणि ॲसिडमध्ये त्याचं असंच होतं.

चूक कुणाकडूनही होते. ती सांगायला मी बसलेलो नाही.

संध्याकाळी अण्णा आले. दगड हातात घेऊन उलटसुलट करून पाहू लागले. आणि मी – कसं सुचलं मला ते? – विचारलं, "वहिनींनी धुतला होता का?" त्यांनी होकारार्थी मान हलवली. "तिथंच घात झाला. याला पाणी चालत नाही. आत मुरलं की विरतो." किती शांतपणे बोललो! पाण्यानं त्याला काहीही होत नाही. हे मला ठाऊक होतं. अण्णांना नव्हतं.

घरी ते काय बोलले असतील? पुढच्या रविवारी वहिनी गाडीत नव्हत्या. "दगडाला हात लावायचं भ्या वाटतंय म्हनती," अण्णा म्हणाले. मी दार ओढून घेतलं. सांगायला अख्खा रस्ता होता. मग पुढचे कितीतरी रविवार होते. वहिनी पुन्हा कधी आल्या नाहीत, आणि आम्ही दोघं जातच राहिलो. शरम वाटली का? तेव्हा वाटली असावी. आता नुसतं आठवतं.

गेल्या वर्षी अण्णा वारले. त्यानंतर काही दिवसांनी वहिनींनी बोलावलं. दगडांच्या कपाटावर धुळीचा थर होता, आणि बाकीचं घर लख्ख. "समदं तुमी घिऊन जावा, भावजी. मला पुसायचं बी धाडस हुत न्हाई. माज्या हातानं बिघडतंय."

तेव्हा तरी? घरात आम्ही दोघंच होतो. ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं.

मी पिशव्या भरल्या. दाराशी एक दगड घरंगळून त्यांच्या पायाशी गेला. उचलायला त्या वाकल्या, आणि मध्येच हात मागे घेतला.

"तुमीच उचला," म्हणाल्या.

मी उचलला.