मौनीबाबाची लेक

सलूनवाल्याला गिऱ्हाइकं ‘मौनीबाबा’ म्हणायची. नुकतं मिसरूड फुटलेली पोरं त्याच्या खुर्चीत बसली की मनातलं सगळं ओकून मोकळी व्हायची, कारण हा गडी उपदेशाचं चकार अक्षर काढत नसे. मौन सुटायचं ते एकाच विषयावर. “आमची लेक शाळेच्या व्हॉलीबॉल संघात आहे, बरं का!” हे ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती.

आणि घरी? अरे देवा! घरी नुसती टकळी. लेकीनं “बाबा, एक सांगायचं होतं,” म्हणायचा अवकाश, की “आधी तो मोबाइल ठेव”पासून “तुझ्या वयात मी...”पर्यंत गाडी सुसाट. एकदा तर पोरगी अर्धं वाक्य तसंच गिळून उठली. त्याला दोन आठवडे झाले. तेव्हापासून घरात फक्त “हं” आणि “काही नाही”.

“अहो, मौन काय दुकानातच कुलपात ठेवून येता?” बायको म्हणाली. “थोडं घरी आणा की!”

बोचलं त्याला. एकुलती एक पोर, ती कायमची गप्प झाली तर?

शनिवारी दुपारी दुकान रिकामं होतं. लेक आली आणि सरळ खुर्चीत बसली.

“केस खांद्यापर्यंत करा.”

का? कशाला? आईला विचारलंस? तिन्ही प्रश्न जिभेच्या टोकावर आले. पण त्यानं दातांखाली जीभ दाबली. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. कापड बांधलं, पाणी फवारलं, कात्री सुरू केली.

बटा फरशीवर पडू लागल्या. मग ती आरशाकडे न बघता म्हणाली, “मला संघातून काढलं.”

कात्री अडखळली, पण त्यानं ती थांबू दिली नाही.

“दोन आठवडे झाले. सरावाच्या वेळी मी बागेत जाऊन बसते. तुम्ही येईल त्याला सांगत सुटता. मग मी कसं सांगणार?”

म्हणजे सगळी करणी आपल्याच तोंडाची! काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ती मात्र आता थांबेना. उंची कमी पडली, मैत्रिणी टाळतात, सकाळी शाळेत जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. केस कधीच खांद्यावर आले होते. पण कात्रीचा आवाज थांबला की पोरगीही थांबेल, या भीतीनं हा आपला तिच्या मानेमागे नुसती हवा कापत राहिला.

शेवटी तिनं नाक पुसलं आणि आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

“बाबा, केस कापून केव्हाच झालेत.”

“माहितीये,” तो म्हणाला. “तू बोल.”