मेहरुन चाचीच्या फोनातली नावं

आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. 'फुटली' असं तोंडातून गेलं तर म्हातारी माणसं अजूनही डोळे वटारतात. मेहरुन चाचीच्या हातून बांगडी चढवताना एखादी कडकन गेली की ती लगेच म्हणायची, "वाढली ग माय, बरं झालं, नजर गेली." काचेच्या तुकड्यालासुद्धा जपून बोलणारी ही बाई. तिने एका पोरीचं दुःख चव्हाट्यावर मांडलं, असं कुणी मला सांगितलं असतं तर मी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पण झालं ते तिच्याच फोनमधून झालं.

मेहरुन्निसा मनियार. राहायला वाटूरला, घरात उर्दू, आमच्याशी मराठी. सासूच्या हाताखाली धंदा शिकली आणि सासूनंतर तिचीच गावं तिच्याकडे आली. आज आष्टी, उद्या परतूरकडची खेडी. मी इथल्या शाळेत शिक्षिका, लग्नाचा चुडा भरला तेव्हापासून माझे हात तिच्याच हवाली आहेत.

बांगड्या भरायला बसलं की हात तिच्या हातात असतो आणि उठून जाता येत नाही. बायका मग बोलायला लागतात. नवऱ्याला न सांगितलेलं, आईला न सांगितलेलं सगळं चाचीपुढे निघतं. ती "हं, हं" करत बोटं दाबत राहते. तिच्या कानात टाकलेलं विहिरीत टाकल्यासारखं, असं आमच्यात म्हणतात. म्हणजे म्हणायचे.

चाचीला भीती एकच होती, स्वतःच्या जिभेची. एकदा एका घरी ती हसत म्हणून गेली, "आता डोहाळजेवणाच्या बांगड्या कधी?" आणि त्या बाईचं पोटातलं मूल आठवड्यापूर्वीच गेलेलं. त्या बाईचा चेहरा चाची विसरली नाही. पुढे हातात मोबाईल आला, बायका फोन करून बोलवायला लागल्या, तेव्हा तिने एक युक्ती काढली. नावापुढेच मापही घालायचं आणि काय बोलायचं नाही तेही. फोन वाजला की उचलायच्या आधीच सगळं डोळ्यांपुढे. कमल अडीच नवरा गेला. मंगल लेकीची सोयरीक मोडली. शीतल आष्टी सव्वादोन पोट टिकत न्हाई.

मला विचाराल तर यापेक्षा मायेचं काम मी पाहिलेलं नाही.

मग मध्यंतरी चाचीला फसवणुकीचे फोन यायला लागले. बँकेतून बोलतोय, कार्ड बंद होणार, असले. फाट्यावरच्या मोबाईल दुकानातल्या रामप्रसादने तिच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. "कुणाचा बी फोन येऊ द्या चाची, नाव दिसंल. फुकट हाय." अ‍ॅपने एकामागून एक प्रश्न विचारले. रामप्रसाद म्हणाला, "हो म्हणा, हो म्हणा," आणि चाची हो म्हणत गेली. त्यातल्याच एका 'हो'ने तिच्या फोनातली सगळी नावं, शेपटांसकट, उचलून नेली. चोराचं नाव दाखवणारं अ‍ॅप ही नावं आणतं कुठून, हे तिला कुणी सांगितलं नाही. रामप्रसादला ते ठाऊक होतं, हे मला नंतर कळलं.

आष्टीच्या शीतलने घरी ब्लाऊज शिवायचं काम सुरू केलं होतं. एका गिऱ्हाइकाला तिने फोन केला. ती बाई परतूरची, तिच्याही फोनात तेच अ‍ॅप, पण मनाने वाईट नव्हती. तिने पडद्याचा फोटो काढून शीतललाच पाठवला आणि विचारलं, "ताई, तुमच्या नावापुढं हे काय लिहून येतंय?" तोवर कितीजणींनी ते वाचलं होतं कोण जाणे. एक वाचणारी शीतलच्या सासूची बहीण निघाली.

शीतलचं पहिलं पोट गेलं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. दुसरं तिने लपवलं होतं. ते माहीत होतं फक्त नवऱ्याला आणि चाचीला.

बाजाराच्या दिवशी शीतल वाटूरला आली. मी चाचीच्या पुढ्यातच बसलेले, एक हात भरून झालेला, दुसरा रिकामा. तिने चप्पलही काढली नाही.

"चाची, तुमीच ना?"

"काय ग बेटा?"

"माझं दुसरं पोट गेल्तं ते कुणाला बोलल्या तुमी?"

"अल्लाकसम, कुणाला बोलले न्हाई. बिलकुल न्हाई."

आणि ते खरंच होतं. शीतलने फोन तिच्यापुढे धरला. चाचीने चष्मा लावला. स्वतःचेच शब्द, स्वतःचाच 'न्हाई', कुणा परक्या बाईच्या फोनवर. तिने माझं मनगट सोडलं.

"सासू म्हणून राह्यली, शिलाई बंद कर, दवाखान्यात चल, न्हाईतर माहेरी जा," शीतल म्हणाली. "मी तुमाला माय समजून बोलल्ते." आणि ती निघून गेली. चाची तिच्या मागे धावली नाही. कुठल्या तोंडाने धावणार?

मी रामप्रसादच्या दुकानात गेले. तो म्हणाला, "मॅडम, सगळ्यांच्याच फोनात हाय ते. एवढं काय त्यात?" एवढं काय! त्याच्या काउंटरवरचं सगळं उचलून रस्त्यावर फेकावंसं वाटलं. पण फेकून दोष लागणार कुणाला? ज्याने नावं नेली त्याचं दार कुठल्या गल्लीत आहे, हे ना मला माहीत, ना रामप्रसादला.

चाचीची लेक फलक परतूरला संगणकाच्या क्लासमध्ये शिकवते. तिने येऊन अ‍ॅप काढलं आणि आईला खरं ते सांगितलं. "अम्मी, गेलेलं परत येत न्हाई. ज्याचा नंबर त्यानंच ते तिथून काढायला सांगावं लागतं." चाचीने ओढणी डोक्यावर घेतली आणि ती दारोदार निघाली. धंद्याची पिशवी न घेता. "तुझा नंबर माझ्याकडून गेला ग. फलक सांगंल तसं कर, काढून टाक."

प्रत्येक दारात प्रश्न एकच आला. "माझ्याबद्दल काय लिवलं होतं चाची?"

आणि ती सांगायची. खोटं बोलली नाही. कमल रडली, मग तिने चहा केला. मंगलने दार लावून घेतलं. एका घरात तिच्या धर्मावर बोट ठेवलं गेलं, "ह्यांना घरात घेतलंच कशाला?" जिचं बाळंतपणाचं दुखणं चाचीने उशाशी बसून काढलं होतं, तीच हे बोलली. हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. चाची म्हणाली, "बोलू दे. दुखलंय तिचं."

मग फलकने आईचा फोन नव्याने लावून दिला. नावं फोनच्या बाहेर जाऊ न देणारी नंबरांची साधी वही, तिला इंटरनेटची परवानगीच नाही. निरोपांसाठी असं अ‍ॅप, जे नंबरांची यादी न मागता चालतं. प्रत्येक वेळी चाची आधी विचारायची, "हे फुकट देतो, तर घेतो काय?" फलकला उत्तर देता आलं तरच ते फोनमध्ये राहायचं. निरोपांच्या जुन्या अ‍ॅपवर नव्या बांगड्यांचे फोटो मागणाऱ्या बायका तुटल्या. नव्यावर फार कुणी आलं नाही. "दोन-दोन अ‍ॅप कोण ठेवतं चाची?" असं मीही एकदा म्हणाले, पण नंतर ठेवलं. नावांपुढची शेपटं चाचीने एकेक करून पुसली. शीतलच्या नंबरापुढे आता नुसतं 'शीतल' राहिलं.

पुढच्या बाजारांना शीतल आली नाही. आली ती बऱ्याच महिन्यांनी, पदर पुढे ओढून. चाचीने बघितलं आणि तिला कळलं. मलाही कळलं.

"सातवा लागला," शीतल म्हणाली. "डोहाळजेवणाच्या भरायच्यात."

एरवी ही बातमी नवऱ्यानंतर चाचीलाच कळली असती. चाची उठून तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवायला गेली. शीतल मागे सरकली.

"आधी फोन द्या."

चाचीने दिला. शीतलने आपलं नाव शोधलं, शेपूट गेलेलं पाहिलं. मग ते नावही काढून टाकलं, आणि त्यानंतर हात पुढे केला. चाचीने बांगड्या चढवल्या. एकही वाढली नाही. शीतल एक शब्दही बोलली नाही, आणि चाचीनेही काही विचारलं नाही.

परवा मी चाचीकडे बसले असताना फोन वाजला. नुसते आकडे. तिने उचलला.

"कोण?"

"मी शीतल."

"आष्टीची?"

"हो. काळ्या मण्यांच्या मनगट्या पायजेत. लहान."

चाचीचं तोंड उघडलं. मुलगा की मुलगी, कधी झालं, तू बरी हायेस का, सगळं तिच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. तिने ते गिळलं.

"आणून देते," ती म्हणाली.

फोन बंद झाला आणि पडद्यावर प्रश्न आला, हा नंबर जतन करायचा का? चाचीने चष्मा लावला, अक्षर न् अक्षर वाचलं आणि 'नाही' दाबलं. मग चष्मा काढून ती ओढणीने पुसत राहिली, पण भिजली होती ती काच नव्हे.