केलगेरीला न थांबलेली बस

आज मंडईत ओल्या शेवंतीचा वास आला आणि अळणावरहून धारवाडला जाणारी सकाळची बस आठवली. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्या दिवशी धारवाडला माझा पहिला पेपर, आणि बस काही हलेना, कारण फुलवाली गंगाक्का अजून आली नव्हती.

"अण्णा, पेपर आहे हो माझा!" मी ड्रायव्हरला म्हटलं.

"मग अक्काची फुलं काय मी विकू?"

अखेर "बंदे, बंदे, आले, आले" म्हणत अक्का टोपली घेऊन सावकाश आली. मला रडकुंडीला आलेली पाहून मात्र सगळी बस माझ्या बाजूची झाली. वाटेत केलगेरीला उतरणाऱ्यांनाही कुणी उतरू दिलं नाही. बस वाट सोडून थेट कॉलेजच्या फाटकाशी गेली. शिपाई फाटक लावत होता. खिडक्याखिडक्यांतून त्याच्यावर ओरडा झाला आणि त्यानं मला आत सोडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मी राहते त्या शहरात बस कुणासाठी थांबत नाही, कुणी काही विचारत नाही. मला हेच हवं होतं. तरी पेपरातला एकही प्रश्न आज आठवत नाही, आठवतो तो मी पळत असताना मागून आलेला ड्रायव्हरचा आवाज, "पोरी, पास झालीस तर पेढे आण! नापास झालीस तर सांगू नको, कळतंयच आम्हांला!"